नॅथॅनिएल हॉथॉर्न : त्याचे पूर्वज, तो व त्याची मुले

सन १८१२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ६ व्या तारखेस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात सेलम म्हणून जे बंदर आहे, तेथील टॅबर्नॅकल नावाच्या उपासनामंदिरात पाच तरुणांवर हात ठेवून त्यांस परदेशी सुवार्तेच्या सेवेसाठी वेगळे करण्यात आले. त्यांपैकी गॉर्डन हॉलसाहेब व सॅम्युएल नॉटसाहेब हे दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि मराठी मुलखातील अमेरिकन मिशनचा पाया घातला गेला. ही हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. त्याच दिवसांत त्याच सेलम गावी, मामांच्या घरी, सात वर्षांचा एक पितृहीन मुलगा वाढत होता. पुढे तो अमेरिकेतील थोर कादंबरीकारांत गणला गेला. त्याचे नाव नॅथॅनिएल हॉथॉर्न.

कादंबरी म्हटली की आमच्या मंडळ्यांतील काही वडील कपाळास आठ्या घालतात, हे आम्हांस ठाऊक आहे. सेमिनरीत असताना आम्हीही तसेच समजत होतो. परंतु या मनुष्याने जे लिहिले ते वेळ घालविण्याकरिता लिहिले नाही. त्याच्या मनावर त्याच्या कुळाचे एक ओझे होते आणि त्या ओझ्याखालून त्याची पुस्तके निघाली. म्हणून त्याच्या जन्माच्या आधीची हकीकत प्रथम सांगणे अवश्य आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष विल्यम हाथॉर्न हा सन १६३० च्या सुमारास इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्स येथे आला व १६३६ साली सेलम येथे स्थायिक झाला. तो प्युरिटन पंथाचा होता. राजाच्या व बिशपांच्या जुलमामुळे आपल्या समजुतीप्रमाणे देवाची उपासना करता येत नाही, म्हणून हे लोक घरदार टाकून समुद्रापार गेले होते. विल्यम हा शिपाईगडी, कायद्याचा जाणता व वक्ता होता. तो मेजर झाला, न्यायाधीश झाला, आणि प्रांताच्या प्रतिनिधिसभेचा अध्यक्षही झाला. परंतु छळामुळे पळून आलेल्या या लोकांच्या हाती सत्ता येताच त्यांनी काय केले? क्वेकर नावाच्या दुसऱ्या एका पंथाचे लोक तेथे उपदेश करू लागले, तेव्हा त्यांस फटके, हद्दपारी आणि शेवटी फाशीसुद्धा देण्यात आली. अ‍ॅन कोलमन नावाच्या क्वेकर बाईस गाडीच्या मागे बांधून सेलम, बॉस्टन व डेडहॅम या तीन गावांतून फटके मारीत न्यावे, असा हुकूम झाला तो याच विल्यम हाथॉर्नच्या हातचा. तो दुष्ट होता असे नव्हे. आपण देवाच्या मंडळीचे रक्षण करीत आहो असे तो मनापासून समजत होता. आम्हांस भय वाटते ते याचेच.

त्याचा पुत्र जॉन हाथॉर्न हाही न्यायाधीश झाला, आणि त्याच्या नावाशी सन १६९२ हे साल कायमचे जोडले गेले. त्या वर्षी सेलमजवळच्या खेड्यात पाळकाच्या घरातील दोन लहान मुलींस झटके येऊ लागले. वैद्याने चेटकाचा प्रकार आहे असे सांगितले. मुलींस नावे विचारण्यात आली व त्यांनी तीन बायांची नावे घेतली : टिट्युबा नावाची एक गुलाम, सारा गुड नावाची एक भिकारीण, व सारा ऑस्बर्न नावाची आजारी स्त्री. आपल्या खेड्यांत एखाद्या निराधार म्हातारीस चेटकीण ठरविताना गाव ज्या क्रमाने चालते, तोच हा क्रम आहे हे वाचकांच्या ध्यानात येईल. आधी जिला कोणी नाही तिचे नाव निघते, आणि मग लोकांची भीड चेपते.

१ मार्च रोजी उपासनामंदिरातच चौकशी सुरू झाली. मुख्य प्रश्न विचारणारा जॉन हाथॉर्न होता. बाईने चेटूक केले किंवा नाही हे तो विचारीत नसे; का केले व कोणत्या भूताच्या साहाय्याने केले हे तो विचारी. एखाद्या बाईचे रूप आपणांस दिसते व ते आपणांस चिमटे काढते असे मुली म्हणत, आणि ते इतरांस मुळीच न दिसणारे रूप कोर्टात पुरावा म्हणून धरले जाई. आपण घरी अंथरुणावर होतो असे बाईने शपथेवर सांगितले तरी उपयोग नसे, कारण तिचे शरीर घरी असले तरी रूप हिंडत होते असे उत्तर तयार असे. याहून घोर गोष्ट ही की ज्यांनी खोटेच अपराध कबूल केला त्यांचे प्राण वाचले, आणि ज्यांनी देवास भिऊन खोटे बोलण्याचे नाकारले ती माणसे फाशी गेली. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप आले. चौदा स्त्रिया व पाच पुरुष मिळून एकोणीस जणांस फाशी दिली. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्याने अपराधी किंवा निरपराधी असे काहीच उत्तर देण्याचे नाकारले, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचून त्यास चिरडून मारले. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी, तिलाही बेड्या घालून तुरुंगात ठेविले होते.

रिबेका नर्स हिची हकीकत आमच्या मंडळ्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ती एकाहत्तर वर्षांची, कानांनी बहिरी, मुलाबाळांची आजी व मंडळीतील सभासद होती. पंचांनी प्रथम तिला निर्दोषी ठरविले. मुलींनी कोर्टात आरडाओरड केली तेव्हा न्यायाधीशांनी पंचांस पुन्हा विचार करावयास लाविले आणि ती दोषी ठरली. ३ जुलै रोजी सेलमच्या मंडळीने तिला मंडळीबाहेर टाकले व १९ जुलै रोजी ती फाशी गेली. ज्यांच्याबरोबर तिने प्रभुभोजन घेतले होते त्यांनीच हे केले. तो ठराव त्या मंडळीने सन १७१२ साली मागे घेतला, म्हणजे तिच्या मरणानंतर वीस वर्षांनी. सरकार तर याहूनही मंद ठरले : एलिझाबेथ जॉन्सन नावाची जी शेवटची स्त्री कागदोपत्री दोषी राहिली होती, तिचे नाव सन २०२२ मध्ये, एका शाळेतील मुलांनी व त्यांच्या शिक्षिकेने खटपट केल्यावर, निर्दोष ठरविण्यात आले.

त्या कोर्टातील न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल हा सन १६९७ साली बॉस्टन येथे भर उपासनेत उभा राहिला व पाळकाने त्याची पापकबुली वाचून दाखविली. जॉन हाथॉर्न असा कधी उभा राहिला नाही. तो १७१७ साली मरण पावला व सेलमच्या जुन्या स्मशानात त्याचा दगड अद्याप आहे.

पुढे या घराण्याची उतरती कळा लागली. जॉनचा पुत्र जोसेफ शेतकरी झाला. जोसेफचा पुत्र डॅनिएल समुद्रावर गेला व अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या जहाजांशी लढून नाव मिळविता झाला. डॅनिएलचा पुत्र नॅथॅनिएल हा जहाजाचा कप्तान. आपल्या कुळास कोणा बळी पडलेल्या बाईचा शाप लागला आहे व म्हणून वैभव गेले, अशी या घरात समजूत चालत आली होती. मातृकुळही डागाविना नव्हते. मॅनिंग घराण्यातील दोन बहिणींस १६८१ साली एका लज्जास्पद आरोपावरून शिक्षा झाली आणि अपराध लिहिलेला कागद डोक्यावर लावून त्यांस मंडळीसमोर बसविण्यात आले, असे कोर्टाच्या दप्तरात आहे.

आमचा हा ग्रंथकार ४ जुलै १८०४ रोजी जन्मला. तो तीन वर्षांचा असताना बाप दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे पीतज्वराने मेला. आई एलिझाबेथ तीन लेकरे घेऊन आपल्या माहेरी, मॅनिंग यांच्या घरी, राहावयास गेली. नवव्या वर्षी चेंडू खेळताना मुलाच्या पायास इजा झाली व वर्षाहून अधिक काळ तो लंगडत होता. त्या दिवसांत त्याला पुस्तकांचा नाद लागला. बन्यनकृत पुस्तक, जे आपल्या लोकांत यात्रिकक्रमण या नावाने आले, ते त्याचे विशेष आवडते होते. मामा रॉबर्ट मॅनिंग याने खर्च सोसला म्हणून तो १८२१ साली मेन प्रांतातील बोडन कॉलेजात गेला. तेथे लाँगफेलो नावाचा पुढे प्रख्यात झालेला कवी त्याचा सोबती होता, आणि पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला फ्रँक्लिन पिअर्स त्याचा जिवलग मित्र झाला.

कॉलेज सुटल्यावर त्याने आपल्या आडनावात डब्ल्यू हे एक अक्षर अधिक घातले. हाथॉर्नचा हॉथॉर्न झाला. पूर्वजांपासून आपणांस थोडे तरी दूर करावे असा त्याचा हेतू असावा असे पुष्कळांस वाटते. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी जुने नाव सोडून नवे घेणारे पुष्कळ आहेत. नाव बदलल्याने आजोबा बदलत नाहीत, हे त्यांस सांगावयास नको.

पुढची सुमारे बारा वर्षे तो आईच्या घरी माडीवरील एका खोलीत बसून लिहीत होता. पहिली कादंबरी त्याने १८२८ साली स्वतःच्या पैशाने, नाव न घालता छापली, आणि मग तिची लाज वाटून मिळतील त्या प्रती नष्ट केल्या. गोष्टींचा पहिला संग्रह १८३७ साली निघाला, तोही होरेशिओ ब्रिज नावाच्या कॉलेजमित्राने प्रकाशकास गुप्तपणे नुकसानीची हमी दिली म्हणून. मित्राने हे त्याला कळू दिले नव्हते.

१८४२ च्या जुलै महिन्यात सेलमच्याच पीबडी घराण्यातील सोफाया हिच्याशी त्याचे लग्न झाले. ती चित्रे काढणारी व डोकेदुखीने वर्षानुवर्षे गांजलेली होती. दोघांचा संसार फार प्रीतीचा झाला. काँकर्ड गावी एका जुन्या पाळकबंगल्यात ती भाड्याने राहिली. पैसा नव्हता, भाजीचा मळा मात्र होता, व तो थोरो नावाच्या मित्राने त्यांच्यासाठी आधीच लावून ठेविला होता. तेथे असताना त्याने यात्रिकक्रमणाच्या धर्तीवर एक विनोदी गोष्ट लिहिली. तीत स्वर्गीय नगरास जाण्यासाठी आता आगगाडी झाली आहे, यात्रेकरूंस पाठीवर ओझे वाहावे लागत नाही, ते सामानाच्या डब्यात टाकता येते, आणि निराशेच्या दलदलीवर पूल बांधला आहे. गाडी अखेर कोठे पोहोचते हे ज्याने मूळ पुस्तक वाचले आहे त्याने ताडावे.

मुले झाली, देणी झाली, तेव्हा १८४६ साली सेलमच्या जकात कचेरीत त्याला सरकारी नोकरी मिळाली. तीन वर्षांनी दुसरा राजकीय पक्ष अधिकारावर येताच ती गेली. त्याच उन्हाळ्यात आई वारली. तो नोकरी गेल्याचे सांगण्यास घरी आला तेव्हा सोफायाने घरखर्चातून शिल्लक टाकलेली रक्कम त्याच्यापुढे ठेविली, आणि आता तुमचे पुस्तक लिहा असे सांगितले. ते पुस्तक १८५० च्या मार्चात प्रसिद्ध झाले. पहिल्या २५०० प्रती थोड्याच दिवसांत खपल्या. त्याचे नाव स्कार्लेट लेटर, म्हणजे लाल अक्षर.

त्याची कथा थोडक्यात अशी. प्युरिटनांच्या बॉस्टन गावात हेस्टर प्रिन नावाच्या एका स्त्रीस, नवरा जवळ नसता, मूल होते. मंडळी व सरकार मिळून तिला लाकडी चबुतऱ्यावर उभी करतात आणि व्यभिचार या शब्दाचे पहिले अक्षर लाल कापडाचे करून जन्मभर छातीवर लावण्याची शिक्षा देतात. मुलाच्या बापाचे नाव ती सांगत नाही. तो बाप म्हणजे त्याच मंडळीचा तरुण पाळक डिम्सडेल. तो व्यासपीठावरून आपण महापापी आहो असे सांगतो, परंतु काय केले ते सांगत नाही. आणि लोक ती त्याची नम्रता समजून त्याला अधिकच मान देतात. पाळक या नात्याने आम्ही हे पान वाचले तेव्हा पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले. उघडी पडलेली ती बाई शिवणकाम करीत, आजाऱ्यांची सेवा करीत हळूहळू बळकट होते. झाकला गेलेला तो पुरुष आतून झिजत जातो. सात वर्षांनी तो दिवसाढवळ्या, सर्वांदेखत त्याच चबुतऱ्यावर तिच्या व मुलीच्या शेजारी चढून आपले पाप कबूल करतो व तेथेच मरतो. जॉन हाथॉर्नने जे केले नाही ते त्याच्या चौथ्या पिढीच्या मुलाने आपल्या गोष्टीतील मनुष्याकडून करविले, असे आम्हांस वाटल्यावाचून राहात नाही.

आणि एवढेच नाही. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हॉथॉर्नने विल्यम व जॉन या दोघांच्या कृत्यांचा उल्लेख करून, त्यांची लाज आपण त्यांचा प्रतिनिधी म्हणून स्वतःवर घेतो आणि त्यामुळे कुळावर काही शाप असल्यास तो आता दूर व्हावा, असे लिहिले. बापांच्या अन्यायाविषयी दहा आज्ञांत जे आहे आणि यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात जे आहे, त्या दोहोंचा मेळ कसा घालावा हा प्रश्न आमच्या कित्येक उपदेशकांनी आम्हांस विचारला आहे. हॉथॉर्न धर्मशास्त्री नव्हता व फारसा उपासनेसही जात नसे. त्याने मेळ घातला नाही. फक्त आपल्या आजोबांचे कृत्य आपले नव्हे असे म्हणून हात झटकले नाहीत. पुढच्याच वर्षी निघालेल्या सात छपरांच्या घराच्या कादंबरीतही हाच विषय आहे : चेटकाच्या आरोपाने फाशी दिलेल्या मनुष्याची जमीन बळकावून बांधलेले घर, आणि त्या घरातील पुढच्या पिढ्या.

आता त्याचा दोषही सांगितला पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाविषयी ज्याचे मन इतके हळवे, त्याला डोळ्यांसमोरचा अन्याय नीट दिसला नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या वेळी लक्षावधी काळे लोक गुलाम होते. हॉथॉर्नने १८५२ साली मित्र पिअर्स अध्यक्षपदास उभा राहिला तेव्हा त्याचे चरित्र लिहिले. त्यात गुलामगिरी हे वाईट असले तरी मनुष्यांच्या खटपटीने जाणारे नव्हे, देव आपल्या वेळी ते नाहीसे करील, अशा अर्थाचे लिहिले. त्याच वर्षी हॅरिएट बीचर स्टो बाईंचे टॉमकाकाची कोठडी हे पुस्तक निघाले होते. देवाच्या नावावर काम ढकलण्याची ही रीत फार जुनी आहे. पिअर्स निवडून आला आणि हॉथॉर्नला १८५३ साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे अमेरिकन वकिलाची जागा मिळाली.

इंग्लंडात असताना आपल्या पूर्वजांचे मूळ गाव सापडावे म्हणून त्याने चौकशी केली, स्मशानांतील दगड वाचले. परंतु त्याला ते सापडले नाही. दुसरी एक गोष्ट मात्र तेथे घडली. १८५६ साली तो लिव्हरपूलजवळचे एक गरीबगृह पाहावयास गेला. तेथे सुमारे सहा वर्षांचे, अंगावर खरूज व डोळे चिकटलेले, मुलगा की मुलगी हेही न कळणारे एक मूल त्याच्या मागे लागले व आपणांस उचलून घ्यावे म्हणून हात पसरून उभे राहिले. हॉथॉर्न स्वभावाने अत्यंत बुजरा. अनोळखी माणसाचा स्पर्शही त्यास नको असे. क्षणभर तो थांबला, मग त्याने त्या मुलास उचलले व बापाप्रमाणे कुरवाळले. पुढे पुस्तकात हा प्रसंग त्याने आपले नाव न घालता कोणा एका गृहस्थाविषयी म्हणून लिहिला. तो गृहस्थ कोण हे त्याच्या मरणानंतर रोजनिशीवरून उघड झाले.

इटलीत दोन हिवाळे काढून तो १८६० साली काँकर्डला परतला. थोरली मुलगी ऊना रोम शहरी हिवतापाने मरता मरता वाचली होती. त्या धक्क्यातून तो सावरला नाही. त्यातच देशात यादवी युद्ध पेटले. त्याच्या हातून पुस्तके पुरी होईनात. १८६४ च्या मे महिन्यात प्रकृतीस हवापालट म्हणून पिअर्सबरोबर तो प्रवासास निघाला आणि १९ मे रोजी न्यू हॅम्पशर प्रांतातील प्लिमथ गावी एका उतारशाळेत झोपेतच मरण पावला. रात्री पिअर्सने त्याच्या कपाळास हात लाविला तेव्हा ते गार होते. काँकर्ड येथे त्यास पुरले.

त्याला तीन मुले होती. मुलगा ज्युलियन हाही लेखक झाला. १८९७ साली एका अमेरिकन मासिकाने त्याला हिंदुस्थानातील प्लेग व दुष्काळ यांची बातमी आणण्यास पाठविले, व मुंबईच्या प्लेगाची भयंकर हकीकत त्याने आपल्या देशातील लोकांस कळविली. परंतु त्याचा शेवट चांगला वाटत नाही : बापाच्या नावाचा लौकिक वापरून निरुपयोगी खाणींचे भाग लोकांस विकल्याबद्दल १९१३ साली तो दोषी ठरला व अटलांटाच्या तुरुंगात गेला. आजोबा न्यायासनावर, नातू आरोपीच्या पिंजऱ्यात.

धाकटी रोझ हिचे लग्न सुखाचे झाले नाही. तिला एकच मुलगा झाला व तो लहानपणीच वारला. पुढे ती रोमन मंडळीत गेली. रोमन मंडळीचा व आमचा शिकवणीत भेद आहे, तो झाकण्याचे कारण नाही. पण तिने जे केले ते सांगितलेच पाहिजे. त्या काळी कर्करोग हा सांसर्गिक आहे असे लोक समजत. ज्या गरिबाचा रोग बरा होण्यासारखा नसे त्याला दवाखान्यात जागा मिळत नसे, घरचे लोकही भीत. रोझने आधी जखमा बांधण्याचे शिक्षण घेतले. मग १८९६ साली न्यूयॉर्क शहरातील गरीब वस्तीत खोल्या भाड्याने घेऊन अशा रोग्यांस ती आपल्या घरात आणू लागली व त्यांच्या सडलेल्या जखमा स्वतःच्या हातांनी धुऊ लागली. १९०० साली ती जोगीण झाली. तिने काढलेल्या भगिनीमंडळात रोग्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही असा नियम केला, आणि तो आजही पाळला जातो. लिव्हरपूलच्या त्या खरजेल्या मुलाविषयी आपल्या बापाने जे लिहिले ते त्याच्या सर्व लिखाणात श्रेष्ठ, असे ती समजे. ९ जुलै १९२६ रोजी ती मरण पावली. तिच्या आईबापांच्या लग्नाचा तोच दिवस.

आई सोफाया व बहीण ऊना या मात्र इंग्लंडात मेल्या होत्या व लंडन येथे त्यांस पुरले होते. त्यांच्या कबरींची देखभाल रोझच्या भगिनी पुष्कळ वर्षे करीत असत. पुढे त्या कबरी मोडकळीस आल्या, तेव्हा २००६ च्या जून महिन्यात दोघींच्या अस्थी समुद्रापार काँकर्ड येथे नेऊन हॉथॉर्नच्या शेजारी पुरण्यात आल्या. त्या वेळी त्याचे वंशज जमले होते, आणि कर्करोग्यांची सेवा सोडून एक दिवस आलेल्या त्या भगिनीही कबरीपाशी उभ्या होत्या.